पश्चिमेची भिंत

बी.एस्सी. होऊन मी साताऱ्याहून नेरुळला मामाकडे आले आणि एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये लागले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाजार खुला झाला होता आणि परदेशी कंपन्या येणार, आपल्यासारखे मधले कारखाने टिकणार नाहीत, हीच चर्चा कँटीनमध्ये रोज असायची. आमच्या पट्ट्यातल्या एकदोन छोट्या युनिट्सना कुलपं लागलेली मी जाता-येता बघत होते.

लॅबच्या प्रमुख एक बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, त्यावर पांढरा कोट. सगळे त्यांना मॅडम म्हणत. एकदा मालकांनी आम्हाला बोलावून विचारलं, "बाहेरचे लोक आले की आपण काय विकायचं?"

मॅडम म्हणाल्या, "इथल्या पावसात टिकणारा रंग. इथे प्रत्येक बिल्डिंग तीन पावसाळ्यांत काळी पडते. त्यावर आधी आपणच काम करू."

खोटं नव्हतं ते. नवी मुंबईत तेव्हा बाहेरून सिमेंट पेंटच लावायचे. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांनी पांढऱ्या इमारतींवर बुरशीचे काळे ओघळ उतरायचे. त्याऐवजी प्लास्टिकसारखा लवचीक पापुद्रा धरणारा रंग मॅडमना करायचा होता. लॅबमध्ये तो छान जमला. पण पत्र्याच्या तुकड्यावर टिकणं वेगळं आणि भिंतीवर टिकणं वेगळं. त्यांनी सरळ स्वतःच्या सोसायटीची पश्चिमेची भिंत मागितली.

सेक्रेटरी एका बँकेत होते. ते म्हणाले, "मॅडम, आमची बिल्डिंग म्हणजे तुमची प्रयोगशाळा काय? उगाच टेन्शन नको."

"माझं घर त्याच भिंतीला लागून आहे," मॅडम म्हणाल्या. "बिघडलं तर आधी माझ्या घरात ओल येईल."

भिंत मिळाली. एप्रिलमध्ये ती फिक्या बदामी रंगाने अशी उजळली की शेजारच्या सोसायटीतले लोक चौकशीला आले.

पाऊस लागला आणि महिन्याभरात भिंतीला फोड आले. तळहाताएवढे, आत पाणी भरलेले. खालची मुलं काठीने ते फोडायची आणि पाण्याची पिचकारी उडाली की हसायची. सोसायटीची मीटिंग बसली. मॅडमनी मला सोबत नेलं होतं. लोक तावातावाने बोलत होते. मला वाटलं, मॅडम गिलाव्याला नाहीतर बिल्डरला दोष देतील. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. बाहेरचं पाणी अडवायच्या नादात मी भिंतीच्या आतल्या पाण्याची वाट बंद केली. पाऊस थांबला की हे सगळं खरवडून पूर्वीसारखं करून देते."

असं बोलणारा अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता. माणसांचा आवाज खाली आला.

मालक मात्र म्हणाले, "पुरे आता. साधं डिस्टेंपर करू या." मॅडमनी त्यांच्याकडून आणखी एक पावसाळा मागून घेतला. मग आम्ही रंगाचं सगळं गणित पुन्हा मांडलं. पाऊस आत येऊ नये, पण वाफ बाहेर जावी, एवढा बारीक मोकळेपणा त्या पापुद्र्यात ठेवायचा होता. जास्त मोकळा झाला की बुरशी धरायची, घट्ट झाला की फोड. दिवाळी, संक्रांत, सगळे सण त्यात गेले. नमुना फसला की मॅडम चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, "चला, ही एक वाट बंद झाली. आता दुसरी बघू."

या खेपेला सेक्रेटरींनी पूर्ण भिंत द्यायला साफ नकार दिला. "तर मग फक्त माझ्या घराबाहेरची द्या," मॅडम म्हणाल्या. रंगारी आले त्या दिवशी पदर खोचून त्या बांबूच्या परांचीवर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या. खालून माझाच जीव वरखाली होत होता. रंगाचा प्रत्येक थर कसा बसतोय, ते त्या हात लावून बघत होत्या.

त्या पावसाळ्यात मी दर रविवारी जाऊन ती भिंत बघायची. जुलै गेला, ऑगस्ट गेला. आजूबाजूच्या सिमेंट पेंटवर काळपट हिरवं चढत गेलं आणि मधला चौकोन बदामीच राहिला. सोसायटीच्या गणपतीच्या आरतीनंतर सेक्रेटरी मला गाठून म्हणाले, "तुमच्या मॅडमना सांगा, उरलेल्या भिंतीचं बघा म्हणावं. आम्ही कमिटीत पास करून घेतो."

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं. "त्या तिथेच आहेत."

ते गेले आणि सगळ्यांसमोर हात जोडून तेच मॅडमना म्हणाले. मॅडम लाजल्या. त्यांना लाजताना मी एवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या वर्षी तो रंग बाजारात आला. परदेशी कंपन्याही आल्या, चकचकीत दुकानं आणि रंग मिसळायची यंत्रं घेऊन. आमचा कारखाना मोठा झाला नाही, पण बंदही पडला नाही. नेरुळपासून वाशीपर्यंत आमच्या रंगाच्या भिंती दिसू लागल्या.

मग कोकणातून मागणी आली. तिथल्या रंगाऱ्यांना शिकवायला मॅडमनी मला एकटीला रत्नागिरीला पाठवलं. मी घाबरून विचारलं, "आणि तिथे काही बिघडलं तर?"

"बिघडलं असं सांगायचं," त्या म्हणाल्या, "आणि का बिघडलं ते शोधेपर्यंत तिथेच राहायचं."

मी बॅग भरायला घरी गेले.