किसनचं जगाचं वेळापत्रक

वारूळवाडीच्या ट्रॅव्हलवाल्या मुलीचा फोन सकाळी अकराला आला. "सर, किसनकाका आज तिकीट काढायला येणार होते. फोन उचलत नाहीत." मी म्हटलं, येईल गं, दाढी करत बसला असेल. मग मीच त्याच्या गावी, डिंगोऱ्याला, घरी फोन लावला, तर शेजाऱ्यानं उचलला. किसन पहाटेच गेला होता, झोपेतच. आधी कुणाला कळवायचं हेच सुचेना... वेड्यासारखा त्या मुलीलाच पुन्हा फोन करून म्हणालो, आज नाही जमणार त्याला.

महिना होत आला, डोकं अजून ठिकाणावर नाही. किसननं सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. गाड्या सोडल्या मोप, स्वतः मात्र नाशिकच्या पुढं गेला नाही. निवृत्त झाल्यावर एक दिवस शिनोलीला माझ्या ओट्यावर येऊन बसला. "मास्तर, एकाच तिकिटात सगळी दुनिया फिरता येती, ठावं हाय का?" मी जन्मभर भूगोल शिकवला, मला ठाऊक नव्हतं. नियम त्यानंच समजावले. एकाच दिशेनं जात राहायचं, मधे ठरावीक थांबे घ्यायचे आणि वर्षाच्या आत, निघालो त्याच देशात तिकीट संपवायचं. त्यातही म्हणे तेच तिकीट मुंबईऐवजी कोलंबोहून सुरू केलं की बरंच स्वस्त पडतं. हे का, ते मला आजही कळलेलं नाही. "अरे, पण आधी कोलंबोला जायचं भाडं?" "त्ये धरून बी सवस्तच पडतंय राव!"

मग मी पृथ्वीचा गोल घेऊन बसायचो, तो वही घेऊन. प्रत्येक गावापुढं पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, अगदी स्टँडवरच्या फळ्यासारखं. टोकियोहून मंगळवारी सुटलेलं विमान अमेरिकेत सोमवारीच पोहोचतं हे बघून तो माझ्यावरच भडकला. "असली गाडी म्या सोडलीच नसती!" मी तारीखरेषा तीनदा समजावली आणि शेवटी माझाच गोंधळ झाला. आम्ही इतके हसलो... आता तो गोल मी फिरवतही नाही.

तेराव्यानंतर किसनच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, मला बोलावून ती वही पुढं ठेवली. त्यांना त्यानं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, त्यांना सगळं ठाऊक आहे.

"भावजी, तिकीट एकाचं व्हतं का दोघांचं?"

त्या ट्रॅव्हलवाल्या मुलीकडं नाव एकच होतं. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण जमलं नाही. "एकाचंच, वहिनी."

"आन् शेवटचं गाव कोंचं?"

"कोलंबो."

"म्हंजी घरी यायचंच न्हवतं त्यांना."

मी घाईघाईनं नियम सांगू लागलो, तिकीट तिथंच संपवावं लागतं वगैरे. माझंच मला पटेना. किसनचा राग आला, तो अजून गेलेला नाही. एकटाच का निघाला होता? मला तरी सांगायचं... बोलता बोलता बोट वरच्या ओळीवर गेलं. तिथं डिंगोरे लिहिलं होतं. पोहोच, गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊ. सुटण्याची वेळ कोरी. खाली कोलंबोचं नुसतं नाव होतं, त्याच्यापुढं एकही वेळ नव्हती. मुंबईला उतरून तो घरी येणार होता, कोलंबोचा तो शेवटचा प्रवास त्याला करायचाच नव्हता. वहिनींना मी तसं सांगितलं.

"वाचा बरं परत."

मी वाचलं.

"आदल्या दिशी? तवा माझी लई धांदल असती," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "येवढं पान फाडून द्या मला."

दिलं. बाकीची वही माझ्याकडं आहे. तिच्यात सगळ्या गावांच्या सुटण्याच्या वेळा आहेत.