चक्रीबाई आणि घोड्याचा कान

चक्रीबाईंना खऱ्या नावाने हाक मारली, तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असं त्यांना वाटेल. बावीस वर्षं त्यांनी एका करमणूक बागेत लाकडी घोड्यांचं चक्र चालवलं. मुलांना घोड्यावर बसवायचं, खटका ओढायचा, पाच मिनिटांनी तो सोडायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला हात द्यायचा. बाग बंद झाली, तेव्हा एका घोड्याचा तुटलेला कान त्यांनी आठवण म्हणून घरी आणला.

त्यांच्या यजमानांना थट्टेला चक्राचा एवढा एकच विषय पुरे होता. बाई कामावरून आल्या, की टीव्हीवरची नजर न काढता ते विचारायचे, "काय, आज कुणाला कुठे पोचवलंस?" चक्रावर जो जिथे चढतो तो तिथेच उतरतो, हे बाईंनाही कळत होतं. त्या हसून चहा टाकायच्या, पण बोलणं आत कुठेतरी लागायचं.

मग एका संशोधन रुग्णालयात चक्र चालवायला माणूस हवा होता, तिथे त्या लागल्या. इथलं चक्र म्हणजे एक लांब दांडा. माणसाने त्यावर आडवं व्हायचं, डोकं मधल्या खुंट्याकडे, पाय बाहेर. दांडा फिरू लागला, की सगळा भार पायांवर येतो, आणि त्याच अवस्थेत पायडल मारायचं. कशासाठी, ते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "अंतराळात पायांवर वजनच पडत नाही. पाय बसून खातात आणि वाळतात. म्हणून इथे माणसं साठ दिवस खाटेवर झोपवायची, डोकं जरा खाली करून. निम्म्यांना रोज चक्र, निम्म्यांना काहीच नाही. मग बघायचं, कोण कसं उभं राहतं."

साठ दिवस जेवण आडवं, दाढी आडवी, शिंकसुद्धा आडवी. चक्राच्या गटात एक चित्रकलेचे मास्तर होते. तेहतिसाव्या दिवशी चक्र फिरत असताना त्यांनी घड्याळ बघायला मान वळवली. फिरत्या चक्रावर मान वळवली, की पोटातलं सगळं ढवळून निघतं. चक्र थांबताच मास्तरांनी बाईंच्या हातातलं भांडं भरलं आणि ते म्हणाले, "बस्स. उद्या सकाळी मी घरी."

"त्यांची मर्जी. थांबवता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंचं मात्र तोंड उतरलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या चक्रावरून कुणीतरी कुठेतरी पोचण्याची शक्यता होती, आणि तो माणूस अर्ध्या वाटेत उतरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घोड्याचा कान घेऊन आल्या. चक्राच्या इंजिनिअरकडून तो बरोबर मास्तरांच्या डोळ्यांसमोर येईल असा, दांड्याला स्क्रूने पक्का बसवून घेतला.

"मास्तर, जायचंय तर जा, पण एकदा याच्याकडे बघून फिरा. बागेत पोरं ओकायला लागली, की मी त्यांना हेच सांगायचे."

मास्तरांनी कान बराच वेळ न्याहाळला. "बाई, हा घोड्याचा नाही. गाढवाचा आहे."

"असू दे. कोरणाऱ्याला तुम्ही शिकवलं नव्हतं ना."

मास्तर हसले आणि अर्धा तास कानावरून नजर न हलवता फिरले. दुपारी त्यांनी पेन्सिल मागितली आणि घोड्याचा कान कसा असतो, ते बाईंना काढून दाखवलं. घरी जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

साठावा दिवस उजाडला. "बाई, आज प्रत्येकाने दहा मिनिटं आधाराशिवाय उभं राहायचंय, हात द्यायचा नाही. दिलात, तर चाचणी फुकट," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पण जित्याची खोड! चक्राविना झोपलेला एक गवंडी आधी उभा राहिला आणि चौथ्या मिनिटाला पांढराफटक पडला. परिचारिकांनी त्याला सावरेपर्यंत बाईंचा हात दोनदा पुढे गेला. शेवटी त्या दाराशी स्टुलावर हात मांड्यांखाली दाबून बसल्या.

मास्तर उभे राहिले. सातव्या मिनिटाला पाय थरथरले, कपाळावर घाम आला. बाईंचे हात बधिर झाले, तरी त्यांनी ते सोडवले नाहीत. मास्तर समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे टक लावून बघत राहिले. दहा मिनिटं झाली. मग एकेक करत सहा पावलं टाकून ते दाराशी आले.

"कान घरी न्यायला विसरू नका," ते म्हणाले.

बाईंनी आता कुठे मांड्यांखालचे हात मोकळे केले.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून बरेच जण उठायचेत."

"उठू देत की," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या घरी आल्या. यजमानांची नजर टीव्हीवरच होती. "काय, आज कुणाला कुठे पोचवलंस?"

"खाटेपासून दारापर्यंत," बाई चपला काढत म्हणाल्या. "त्याच्याच पायांनी."

यजमानांनी टीव्ही बंद केला. "बस इथे," ते म्हणाले. "चहा मी टाकतो. नीट सांग."