कागदावरचे नऊ

"साहेब, टाइल्स सरल्या," देवराव मिस्त्री म्हणाले.

"सरल्या म्हणजे काम झालं."

"काम कुठं झालं? पायरीपाशी येऊन पाहा."

जळगाव जामोदजवळच्या एका गावात मुलांसाठी अभ्यासिका बांधत होतो. इंजिनिअर मी. टाइल्स सिस्टरबाईंच्या. त्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांनीच केलेली, माझ्या आईचंही. नांदुऱ्याच्या दुकानातला आवडत्या डिझाइनचा शेवटचा माल त्यांनी उचलला होता: दोन बाय दोन फुटाच्या एक्क्याण्णव टाइल्स. दुसऱ्या दिवशी उद्घाटन त्यांच्याच हस्ते.

प्लॅन साधा. एक चौरस खोली, तिच्या लगतच्या दोन बाजूंना तीन टाइल्स रुंद ओसरी. एवढ्या मालात खोली केवढी बसेल? बाजू 'क्ष' टाइल्स धरा. खोलीला क्ष वर्ग, एकेका ओसरीला तीन क्ष. म्हणजे क्ष वर्ग अधिक सहा क्ष बरोबर एक्क्याण्णव. दहावीचं वर्गसमीकरण! ते पूर्ण वर्ग करून सोडवतात. सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ, ते दोन्हीकडे मिळवायचे. डावीकडे 'क्ष अधिक तीन'चा वर्ग, उजवीकडे शंभर. शंभराचं वर्गमूळ दहा, त्यातून तीन गेले. क्ष बरोबर सात. उणे तेरा हे दुसरं उत्तर मी उदार मनानं सोडून दिलं.

"देवराव, एक टाइल उरणार नाही, एक कापावी लागणार नाही!" अशी फुशारकीही मारून झाली होती.

उरली नाही, हे खरंच. पण दोन ओसऱ्या जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात, ऐन पायरीसमोर, तीन बाय तीनचा उघडा कोबा आ वासून बसला होता. ओसरी खोलीच्या भिंतीबरोबर संपत नाही, ती कोपऱ्यावरून वळते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि गंमत म्हणजे ते नऊ मी स्वतःच्या हातानं मिळवले होते. तेही दोनदा! ही जागा आहे, हिच्यावर कोणी पाय देणार आहे, असं एकदाही वाटलं नाही.

दुकानात फोन लावला. "तो माल बंद झाला, साहेब. जवळचा देतो. जरा हिरवट आहे."

तेवढ्यात सिस्टरबाईच आल्या.

"हे काऊन उघडं ठेवलं रे?"

"त्याचं असं आहे, खोलीची बाजू क्ष धरली तर..."

"मले क्ष नको सांगू. कमी पडल्या न?"

"हाव."

त्या कोबा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् पोरं चपला कुठं काढतीन? तुह्या नकाशात माणसं चपला खिशात घालून बसतात काय?"

चपलांची जागा प्लॅनमध्ये नव्हती. सुचलीच नव्हती.

"मग हिरवं-पिवळं काही लावू नको. इथंच काढू दे चपला." जाता जाता देवरावांना म्हणाल्या, "हा पायाळू हाये. पहिले पाय आले याचे, डोकं मागून. अजूनही तसंच चालू हाये."

देवराव टोपी तोंडावर धरून हसले.

उद्घाटनाला सगळ्यांनी त्या कोपऱ्यात चपला काढल्या. आत टाइल्स आरशासारख्या राहिल्या. सरपंचांनी भाषणात 'कोपऱ्याच्या दूरदर्शी नियोजनाबद्दल' माझा सत्कार केला. सिस्टरबाईंकडे न बघता मी नारळ घेतला.

आता कागदावर काहीही मिळवलं, की ते जमिनीवर कुठे पडणार हे आधी बघतो. आणि प्रत्येक नकाशा चपलांपासून सुरू करतो. पायाळू माणसाला तेच सोपं जातं.