काकूंच्या पायांवरचं पिल्लू

आमच्या बकरीला तीन पिलं झाली. सड दोनच. दोन तगड्या पिलांनी ते धरले आणि तिसऱ्याला आईनंच शिंगानं बाजूला ढकललं. ते भिंतीशी पडलं ते पडूनच राहिलं. गोठ्याच्या टिनाच्या छपरावर एक कावळा येऊन बसला, मग दुसरा. अशक्त पिलाचे ते आधी डोळे फोडतात. मी त्याला पोत्यात गुंडाळून घरात आणलं.

सासूबाईंनी बकरीचा थोडा चीक काढून दिला. म्हणाल्या, "पाजून पाह्य. मले तर नाही वाटत जगंन म्हून."

खोकल्याच्या औषधाची बाटली उकळून मी तिला रबरी निप्पल लावलं. पण पिल्लू तोंडच उघडेना. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणी त्यांनाच बोलावतात. त्यांनी पाय लांब पसरले आणि बाळाला न्हाऊ घालायला घेतात तसं पिल्लू पायांवर उताणं घेतलं.

"आण ते बाटली. काहून भेतं वं? लेकरू काय अन् हे काय, सारखंच."

गाल दाबून त्यांनी निप्पल तोंडात घातलं आणि बाटली उलटी धरली. दूध भराभर उतरलं.

"आता याले काजळ पण लावून द्या," सासूबाई म्हणाल्या.

"लावतो ना. अन् पाळण्यात घालून नाव पण ठेवतो."

दोघी हसत असताना पिल्लाच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. ते खोकलं. काकू म्हणाल्या, पोट भरलं त्याचं.

त्या गेल्यावर मी पिल्लाच्या बरगड्यांना कान लावला. आत घरघर होती. पोट मात्र सपाट. दूध छातीत गेलं होतं.

मी गोठ्यात जाऊन बाकीची दोन पिलं पाहिली. ती उभ्यानं पीत होती, मान वर करून, आईच्या पोटाखालच्या अंधारात. आई मधून मधून त्यांच्या शेपटीशी चाटत होती. मी घरात येऊन पिल्लाला माझ्या गुडघ्यांत उभं केलं, त्याच्या डोक्यावर पदर टाकला, बाटली तोंडाला लावली आणि शेपटीच्या बुडाशी बोटानं खाजवलं. बराच वेळ दूध नुसतं ओघळत राहिलं. मग जबडा हलला. मग त्यानं स्वतःहून ओढलं. श्वासासाठी थांबलं, सगळं अंग हललं, पुन्हा ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. "उभ्यानं? मान मोडशीन त्याची. दे इकडं." त्यांनी पिल्लू घेतलं, पाय पसरले, उताणं केलं. ते तडफडायला लागलं.

मी काकूंपुढे कधी मोठ्यानं बोललेले नाही. त्यांच्या पायांवरून पिल्लू उचललं आणि परत उभं केलं.

"तू मले शिकवून राहिली का वं?"

मी पिल्लाच्या डोक्यावर पदर टाकला. त्याची घरघर आता सगळ्यांनाच ऐकू आली. काकूंनी पाय आखडून घेतले.

"हे कवापासून आहे?"

"कालपासून."

त्या उठून घरी गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण बाळंतिणींना शेक द्यायची शेगडी घेऊन त्या परत आल्या, निखारे फुंकत बसल्या, आणि कापड गरम करून माझ्या हातात देत राहिल्या. स्वतः त्यांनी पिल्लाला हात लावला नाही.

दुपारी त्याचे कान गार पडले. मी पदराखाली बाटली धरली. त्यानं निप्पल नीट तोंडात घेतलं, दोनदा ओढलं आणि श्वासासाठी थांबलं. या वेळी अंग हललं नाही, घरघरही थांबली. काकूंनी पुढचं कापड दिलं. मी ते घेतलं नाही.