कान राहिलेलं चित्र

जगात आजवर एकही चित्र पुरं झालेलं नाही, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे आणि ते खरं ठरवण्यासाठी ते स्वतः जिवाचं रान करतात. महाडच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ तैलरंगांत रंगवतात. तैलरंग वाळायला वेळ घेतात, आमच्या दमट हवेत तर फारच. इतरांना ती कटकट वाटते, बाबांना देवाने वाढवून दिलेली मुदत वाटते. आमच्या लग्नात भेट म्हणून सुरू केलेला शिवथरचा धबधबा अजून स्टँडवर ओला आहे. त्यात एक गाय आली, गेली, तिच्या जागी झाड उगवलं आणि तेवढ्यात माझा मुलगा दहावीला गेला. उपदेश मात्र बरोबर उलटा. मी पोळीला तूप लावत असले तरी मागून आवाज येतो, "सूनबाई, एकदा ओढायचं आणि सोडायचं. फटकारा चिवडला की मेला!" एवढं बोलून आत जातात आणि धबधबा चिवडत बसतात.

मागच्या वर्षी तुडीलच्या एक काकी त्यांच्याकडे आल्या. नवऱ्याचा होता तो एक फोटो पुरात गेलेला. "मास्तर, मी सांगते तसं त्यांचं तोंड काढा," त्या म्हणाल्या. "आता माझ्या ध्यानातून पन जायाला लागलंय. पार इसरायच्या आत काढा." साधी गाय पुरी न करणाऱ्या माणसाकडे ही बाई असलं काम घेऊन आली होती.

दर बाजाराच्या दिवशी काकी येत. बाबा रंगवत, त्या मान हलवत. "नाय वो, हे लयच गरीब दिसतात." असं म्हणाल्या की बाबा टर्पेंटाइनच्या फडक्याने गाल पुसून पुन्हा सुरुवात करत. असे महिने गेले. एक दिवस जिवणी कशी होती तेच काकींना आठवेना. बाबांनी नाक, डोळे, जिवणी सगळं विचारणं सोडलं आणि म्हणाले, "शेतावरून घरी कसे यायचे, ते सांगा." काकींचा चेहरा खुलला. "बांधावरनंच वरडायचे, गो, भाकर टाक!" ते ऐकता ऐकता बाबांनी रुंद ब्रश उचलला आणि जाड रंगाचे चार फटकारे ओढले. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे थर. पण चार पावलं मागे सरकलेल्या काकी ओरडल्या, "हाय! हेच हाय! आता हात नका लावू!"

"अहो, कान राहिलाय," बाबा काकुळतीने म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

चित्र वाळेपर्यंत आमच्याकडेच होतं. बाबांनी सगळे ब्रश माझ्या कपाटात कुलूपबंद करायला लावले आणि रोज संध्याकाळी दोन्ही हात मांडीखाली दाबून त्याच्यासमोर बसू लागले. मला हसूही यायचं आणि जीवही तुटायचा.

काकी न्यायला आल्या तेव्हा आम्ही दोघं एसटीपर्यंत गेलो. त्यांनी नवऱ्याला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः अलीकडे बसल्या. गाडी वळली तरी बाबा तिथेच उभे.

"पुरं झालं की जातं गं चित्र," ते म्हणाले.

मी नुसता त्यांचा हात धरला.