टोलची कमान येईपर्यंत उत्तर नाही

दुबईला जाऊन उंच इमारतींकडे माना वर करून बघायचं नाही, हे मी सांगलीतच ठरवलं होतं. माझी भाची मुग्धा शारजात लहानाची मोठी झाली, तिथेच नोकरी करते. फोनवर म्हणाली, "मावशी, महिन्यातून एका शनिवारी मी एका पॅलेस्टिनी आणि एका इस्रायली बाईला गाडीतून अबुधाबीला नेते. येतेस?" मी तिकीट काढलं.

जानेवारीत जा. हवा छान असते, सकाळी शाल लागते. शारजातल्या अल नहदा भागात मुग्धाच्या इमारतीखाली रीम थांबली होती. ती त्याच इमारतीत राहते, शाळेत शिकवते, माहेरची माणसं गाझात. "मावशी, तू पुढे बस," मुग्धा म्हणाली. थोरल्या माणसाला पुढची सीट, ही आपली रीत. मी बसले. रीमने मागचं दार जरा जोरातच लावलं. ती सीट तिची होती, हे मला फार उशिरा कळलं.

दुबईतल्या देरात मेट्रो स्टेशनबाहेर नोआ चढली. इस्रायलची, दुबईत अकाउंट्सचं काम करते. दोघी शेजारी बसल्या, मध्ये दोन पर्सेस.

अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीत एका व्हिलात दोन्हीकडची मंडळी बोलायला जमतात. पण खरा संवाद गाडीतच होतो आणि त्याला नियम आहे. एकीने बोलायचं, दुसरीने पुढची टोलची कमान (इथे टोलला थांबत नाहीत, कमानीखालून तसंच जातात) येईपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

"कोणी काढला हा नियम?" मी विचारलं.

"मीच. दोघी एकदम बोलायच्या आणि माझी एक्झिट चुकायची. एकदा जवळजवळ शारजाला परत पोचलो होतो!"

नोआ हसली. रीम नाही.

पहिल्या काही कमानींपर्यंत ऑफिस, घरभाडं असं चाललं होतं. पेट्रोल पंपावर करक चहा घेतला, दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. वेलदोड्याचा, दाट, पैसे वसूल. जेबेल अलीची कमान गेली आणि रीम बोलू लागली. तिघींची समान भाषा इंग्रजी. मी मराठीत लिहिते आहे.

"मागच्या वेळी मी माझ्या मावशीबद्दल सांगत होते. घर पडलं, ती आत होती. माझं वाक्य संपायच्या आत तू तुझ्या चुलतभावाचं नाव घेतलंस. तो हल्ल्यात मारला गेला, त्याचं मला वाईट वाटतं. पण माझी मावशी त्या दिवशी दुसऱ्यांदा गाडली गेली. आई रोज विचारते, त्यांच्यात कशाला बसतेस? आज शेवटचं येतेय. खलास."

मला राहवलं नाही. "अगं, दुःख तर दोघींचंही..."

"मावशी! कमान आली नाही अजून."

गप्प बसले. जन्मभर इतरांना गप्प करत आलेली मी! आणि पंचाईत अशी की जेबेल अलीनंतर खलिफा सिटीपर्यंत टोलची कमानच नाही. दोन्हीकडे वाळू, विजेचे खांब आणि मागच्या सीटवर ते वाक्य. नोआच्या ओठांशी काहीतरी चार वेळा आलं, मी आरशात पाहिलं. तिने ते गिळलं.

व्हिलात डझनभर माणसं होती. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. एक गृहस्थ रागाने बाहेर गेले, बागेत फिरून परत आले, त्यांची खुर्ची तशीच ठेवली होती. नोआ पूर्ण वेळ गप्प, तिची कमान अजून आली नव्हती. माझ्या मते त्या खोलीत सगळ्यात कठीण काम तीच करत होती. रीमही उठून गेली नाही, तेही सोपं नव्हतं.

(गाडी नसेल तर दुबईहून अबुधाबीला बस आहे, पंचवीस दिरहम, सहाशे रुपये धरा. पुढे टॅक्सी करावी लागते.)

परतताना जेबेल अलीची कमान डोक्यावरून गेली आणि नोआ म्हणाली, "मी खरंच तसं केलं. तू रडायला लागलीस की मला भीती वाटते, आता माझ्या भावासाठी जागाच उरणार नाही. म्हणून घाई केली. तुझ्या मावशीचं नावसुद्धा मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात सांगशील?"

आता गप्प राहायची पाळी रीमची. पुढची कमान आली. गेली. त्यापुढची आली. रीम खिडकीबाहेर बघत होती. मुग्धाने रेडिओ लावला नाही.

देरात नोआ उतरली. दार धरून उभी राहिली. रीमने तिच्याकडे न बघता मला विचारलं, "आंटी, तुम्ही इंडियाला कधी जाणार?"

"मंगळवारी."

"छान. म्हणजे पुढच्या महिन्यात माझी सीट मोकळी असेल."

नोआने दार अगदी हळू लावलं.

घरी येऊन महिना झाला. खजूर संपले, फोटो मी कोणाला दाखवले नाहीत. रस्त्याचे काय दाखवायचे? लढाई थांबवणं त्या दोघींच्या हातात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी त्या जातात. बैठकांना मी पुष्कळ गेले आहे; दुसऱ्याचं वाक्य इतके मैल सांभाळणारी माणसं मी त्या गाडीतच पाहिली.

काल मुग्धाचा फोन आला. "रीम आली होती गं. पुढची सीट रिकामी ठेवली होती मी, पण ती मागेच बसली."

"का?"

"म्हणाली, मान वळवून भांडायला त्रास होतो."