पाटीवर शिकलेली बोटं

मी आज या कामावर टिकून आहे ती ताईंमुळं, हे आधी सांगून टाकते. काय घडलं ते मागून. ताई म्हणजे वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर राहणाऱ्या. त्यांनाही माझ्यासारखंच काही दिसत नाही, पण त्या बी.ए. झाल्यात आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. ब्रेलमध्ये टिपणं घ्यायचं त्यांचं यंत्र त्यांनी मला कामासाठी दिलं आणि स्वतःचा अभ्यास नुसता ऐकून चालवला. ‘‘माझी परीक्षा लांब हाय, तुझी आताच हाय,’’ एवढंच म्हणाल्या.

माझं गाव किनवटकडं. नजर गेली तेव्हा सातवीत होते, शाळा तिथंच सुटली. पुढं एका शिबिरात ब्रेल शिकले, तेही पाटी आणि टोचणीवर. पाटीत जाड कागद अडकवायचा आणि मागच्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं टोचत जायचं. कागद उलटला की ठिपके वर येतात. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर डावं-उजवं बदलून उलटं काढायचं, वाचताना ते सुलटं लागतं. यंत्रावर तसं नसतं. सहा ठिपक्यांची सहा बटणं असतात, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या; त्यातली हवी ती एकदम दाबायची. जसं वाचायचं तसंच लिहायचं. लिहिलेलं लगेच समोरच्या पट्टीवर बोटाखाली उभं राहतं.

संभाजीनगरात एका खासगी रुग्णालयात फोन घ्यायचं काम मिळालं. महिनाभर बघू, मग ठरवू, असं साहेबांनी सांगितलं होतं. नाही जमलं तर गावाकडं परत. आणि एकदा परत गेले असते तर मला पुन्हा कुणी एवढ्या लांब पाठवलं नसतं. त्या धास्तीनं मी घास गिळतानासुद्धा बटणांचा सराव करायची. काउंटरवरचे भाई हसायचे. ‘‘आओ हारमोनियमवाली, आज कौनसा राग?’’

त्या दिवशी सकाळी खुलताबादहून एका माणसाचा फोन आला. त्याच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. तो घाईत होता. ‘‘माझा मोबाइल पाण्यात पडला ओ. दुकानदाराचा नंबर देतो. डॉक्टरांनी येळ दिली की ह्याच्यावर सांगा. मी हितंच बसतो.’’ नंबर सांगताना मागं कुणीतरी त्याच्यावर ओरडलं आणि शेवटचे आकडे त्यानं भराभर फेकले. मी घेतले. आमच्या टेबलावरच्या फोनला आलेला नंबर राहत नाही. जे मी लिहीन तेच.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या. ‘‘त्या आजींचं आजच दुपारी करणारेत. उद्या डॉक्टर बाहेरगावी. लगेच घेऊन यायला कळवा, आणि म्हणावं, आजींना जेवू घालू नका. पोटात अन्न असलं तर ऑपरेशन होणार नाही.’’

मी पट्टीवर बोट फिरवून आकडे वाचले, भाईंनी फोन लावला. पलीकडून कुणी बाई म्हणाली, ‘‘राँग नंबर.’’ पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, आता चिडलेली.

‘‘क्या बाई,’’ भाई म्हणाले, ‘‘एक नंबर लिखने का काम, वो भी नै हुआ?’’ त्यांच्या आवाजात या वेळी हसू नव्हतं. ‘‘साहेबांना सांगायला लागेल.’’

जेवणवेळ होत आलेली. तिकडं म्हातारीपुढं ताट आलं असेल, असंच सारखं वाटत होतं. मी ताईंना फोन लावला, शेवटचे आकडे कसे घाईत घेतले ते सांगितलं. ‘‘ताई, मी बरोबरच लिहिलं होतं ओ!’’

‘‘रडू नको. शेवटचे आकडे सांग.’’

‘‘सहा, चार, नऊ, शून्य.’’

त्यांनी एकेक आकडा पुन्हा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, ‘‘घाईत लिहिलंस ना? येडे, तुझी बोटं पाटीवर गेली. उलटं टोचलंस तू. चारचा उलटा सहा होतो, पाचचा नऊ, आठचा शून्य. फिरवून बघ.’’

मी मांडीवरच बोटांनी दाबून पाहिलं. व्हय की! पाटीवरच्या सवयीनं डाव्या बोटांचे ठिपके उजव्यांनी दाबले होते.

‘‘भाई, एकदा लावा. शेवटी चार, सहा, पाच, आठ.’’

‘‘अब ये कौनसा राग है?’’ म्हणत त्यांनी लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. मग खरखर झाली आणि दुकानदाराचा आवाज आला, ‘‘व्हय, हितंच बसलेत पावणं. देतो.’’

मी निरोप सांगितला. तो म्हणाला, ‘‘बरं झालं बघा, भाकरी टाकायलाच बसली व्हती बायको.’’ मी खुर्चीवर मागं टेकले.

भाईंनी साहेबांना सांगितलंच, पण सगळं सांगितलं, नंबर कसा सापडला तेही. साहेब म्हणाले, ‘‘यापुढं प्रत्येक नंबर समोरच्याला परत म्हणून दाखवायचा. आणि तुमचं पक्कं समजा.’’ आता मी नंबर परत म्हणून दाखवते, लोक वैतागले तरी.

ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग आता चहा कर.’’ बस्स. त्यांच्या यंत्राची बॅटरी हल्ली लवकर उतरते, मधेच बंद पडतं. त्या बोलत नाहीत, पण मला कळतं. ताई, तुम्हाला नवं यंत्र मीच आणून देईन. कधी, ते आज सांगता येत नाय. पण देईन.